जॉब्स गेल्यावर ॲपल बुडाली नाही, म्हणून तुमची कंपनीही तरेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात गल्लत झाली असेल तर लगेच लक्षात येईल. पुण्यातली दोनेकशे माणसांची सॉफ्टवेअर प्रॉडक्ट कंपनी. ज्यांच्या डोक्यातून ते प्रॉडक्ट निघालं ते संस्थापक मार्चअखेर सीईओपद सोडताहेत आणि त्यांच्या जागी आजवर ऑपरेशन्स सांभाळणाऱ्या बाई येताहेत. तुम्ही बरीच वर्षं तिथे इंजिनिअर आहात, थोडे इसॉपही (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क) आहेत. टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या बैठकीत, तुम्हाला सांगण्यात आलं की स्टीव्ह जॉब्स गेल्यावर ॲपल उलट आणखी मोठी झाली, तेव्हा काळजीचं कारण नाही. हे कितपत खरं मानायचं, आणि थांबायचं की निघायचं, असं तुम्ही विचारताय.

मी बरीच वर्षं प्रॉडक्ट इंजिनिअरिंगमध्ये काढली. गेली काही वर्षं, संस्थापकाच्या हातून दुसऱ्याकडे सूत्रं जात असतात त्या काळात कंपन्यांबरोबर बसून काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, ‘कंपनी बुडेल का’ या प्रश्नाच्या उत्तराचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. चालू प्रॉडक्ट असलेली कंपनी सहसा बुडत नाही. ग्राहकांचे वार्षिक करार असतात, त्यांचा सगळा डेटा तुमच्या सिस्टीममध्ये असतो, दुसरीकडे जायचं म्हटलं तर त्यांच्याच आयटी विभागाच्या पोटात गोळा येतो. त्यामुळे संस्थापक गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षं विक्रीचे आकडे बहुतेक ठिकाणी छानच दिसतात. विचारायचं ते हे की यापुढे नवीन काय करायचं, आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, हे कोण ठरवणार. आणि त्या माणसाने ठरवलं की बाकीचे ऐकणार का.

यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. संस्थापक आपणहून चाललेत की गुंतवणूकदारांनी दार दाखवलंय, त्यांच्याकडे किती टक्के शेअर राहणार, बोर्डावर बसणार की खरंच घरी जाणार, बँकेत किती महिन्यांचे पगार आहेत, तुमच्या क्षेत्रात तंत्रज्ञान किती झपाट्याने बदलतंय. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा खालचं सगळं आपापल्या कंपनीला लावून बघा.

आता ॲपल. टाउनहॉलमधल्या त्या दाखल्यात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलेली आहे: जॉब्स ॲपलमधून दोनदा गेले. एकदा १९८५ साली आणि एकदा २०११ साली. माणूस तोच, कंपनी तीच, आणि परिणाम अगदी वेगळे. शिकायचं असेल तर या दोन वेळांमधल्या फरकातून शिकावं. तुम्हाला फक्त दुसरी वेळ सांगितली गेली.

पहिल्या वेळी भांडण झालं. पेप्सीमधून जॉन स्कली यांना १९८३ साली जॉब्स यांनीच आणलं होतं. दोन वर्षांत दोघांचं बिनसलं, बोर्ड स्कली यांच्या बाजूने उभं राहिलं, जॉब्स यांच्याकडून मॅकिंटॉश विभाग काढून घेतला गेला आणि सप्टेंबर १९८५ मध्ये ते काही माणसं बरोबर घेऊन बाहेर पडले. त्यानंतर काय झालं? ॲपल बुडाली असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात १९८५ साली कंपनीची विक्री सुमारे १.९ अब्ज डॉलर होती, ती १९९३ पर्यंत जवळजवळ ८ अब्जांवर गेली. लेझर प्रिंटर आणि मॅक यांच्या जोडीने छपाईचा धंदा बदलला, १९९१ साली पॉवरबुक हा लॅपटॉप आला आणि तो चांगला खपला. म्हणजे १९९१ साली ॲपलच्या कोणा साहेबाने टाउनहॉल घेऊन ‘जॉब्स गेले तरी आपलं उत्तम चाललंय’ असं सांगितलं असतं तर आकडे त्याच्याच बाजूचे होते.

आतून मात्र वेगळं चाललं होतं. नको म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. एकच मशीन थोड्याफार फरकाने परफॉर्मा, क्वाड्रा, सेंट्रिस अशा नावांनी आणि आकड्यांनी विकलं जायचं. गिऱ्हाइकाला तर सोडाच, दुकानदारालाही त्यातला फरक सांगता येत नसे. नवी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्याचा कोपलँड नावाचा प्रकल्प सुरू झाला, प्रत्येक विभागाने त्यात आपापली मागणी घातली, तो फुगत गेला आणि १९९६ साली सोडून द्यावा लागला. १९९६ आणि १९९७ या दोन आर्थिक वर्षांत मिळून १.८ अब्ज डॉलरच्या वर तोटा झाला. स्वतःची सिस्टीम जमेना म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये जॉब्स यांचीच नेक्स्ट ही कंपनी चाळीस कोटींहून जास्त डॉलर मोजून विकत घ्यावी लागली आणि त्या वाटेने जॉब्स परत आले. आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते छाटणीचं. सामान्य ग्राहक आणि व्यावसायिक, टेबलावरचा आणि हातात न्यायचा, असे चार चौकोन. प्रत्येकात एक मशीन, बाकी सगळं बंद.

इथे काळाकडे लक्ष द्या. जाण्याचा परिणाम ताळेबंदात दिसायला दहा वर्षं लागली. सॉफ्टवेअरमध्ये इतकी लागत नाहीत, पण माझ्या अनुभवात तीन-चार तरी लागतातच, कारण पहिली दोन वर्षं तुम्ही जाणाऱ्या माणसाने ठरवून ठेवलेलंच विकत असता. म्हणून नव्या सीईओच्या पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून तिला शाबासकीही देऊ नये आणि बोलही लावू नये.

दुसरी वेळ, २०११. लोकांच्या लक्षात २४ ऑगस्टचं राजीनाम्याचं पत्र राहिलं. उत्तराधिकाराची योजना अमलात आणा आणि टिम कुक यांना सीईओ करा, अशी स्पष्ट शिफारस जॉब्स यांनी त्यात केली होती. दुसऱ्या दिवशी शेअर बाजार बंद होताना ॲपल एक टक्कासुद्धा खाली नव्हती. एवढ्या मोठ्या बातमीला बाजार इतका थंड कसा? कारण बातमी जुनी होती. २००४ साली स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेसाठी जॉब्स रजेवर गेले तेव्हा कंपनी कुक यांनी पाहिली. २००९ साली जानेवारीपासून जूनपर्यंत पुन्हा त्यांनीच. जानेवारी २०११ मध्ये तिसरी रजा, तेव्हाही तेच. खुर्चीवर नाव चढण्याआधी कुक त्या खुर्चीचं काम तीनदा करून बसले होते, आणि तेही जॉब्स हयात असताना, चुकलं तर विचारता येईल अशा काळात. शिवाय बोर्डाने त्यांना दहा लाख शेअर दिले, त्यातले निम्मे २०१६ मध्ये आणि उरलेले निम्मे २०२१ मध्ये हाती पडणार होते. दहा वर्षं थांबण्याचा बंदोबस्तच म्हणा.

तेव्हा तुम्ही स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हा: तुमच्या बाईंनी आजवर कधी, महिनाभर का होईना, संस्थापकांशिवाय कंपनी चालवली आहे का? संस्थापक परदेशी गेलेत, फोन बंद आहे आणि ग्राहकाचं सर्व्हर झोपलंय, अशा वेळी निर्णय कोणी घेतला होता? त्याचं उत्तर ‘त्यांना मेसेज टाकला आणि वाट बघितली’ असं असेल तर ॲपलचा दाखला तुम्हाला लागू नाही.

बाई ऑपरेशन्सच्या आहेत याची तुम्हाला जरा धाकधूक दिसते. ती मला फारशी पटत नाही. कुकही ऑपरेशन्सचेच. आयबीएम आणि कॉम्पॅक करून १९९८ साली ॲपलमध्ये आले आणि गोदामात महिना-महिना पडून राहणारा माल त्यांनी काही दिवसांवर आणला. प्रॉडक्टमधली जाण हा त्यांचा दावा कधीच नव्हता. पण त्यांच्या शेजारी डिझाइनला जोनाथन आइव्ह होते, मार्केटिंगला फिल शिलर, सॉफ्टवेअरला क्रेग फेडरिगी, सेवांना एडी क्यू. हार्डवेअरचे बॉब मॅन्सफिल्ड यांनी जून २०१२ मध्ये निवृत्ती जाहीर केली, तर त्याच वर्षी त्यांना समजावून पुन्हा थांबवून घेतलं. ऑपरेशन्सच्या माणसाने प्रॉडक्ट स्वतः ठरवायला जाणं आणि प्रॉडक्ट ठरवणाऱ्याला जवळ बसवून अधिकार देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्याकडे बाईंच्या शेजारी कोण बसणार ते बघा. ‘सीपीओची (प्रॉडक्टच्या प्रमुखाची) नेमणूक लवकरच’ असं उत्तर मिळालं तर मी कान टवकारीन.

ॲपलमधली खरी परीक्षा राजीनाम्यानंतर वर्षभराने झाली, आणि ती मी प्रत्येक बोर्डाला सविस्तर सांगतो. सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोनमधून गूगलचे नकाशे काढून ॲपलने स्वतःचे घातले. ते इतके चुकीचे निघाले की जगभर हसं झालं. वाकडेतिकडे पूल, भलत्याच गावात दाखवलेली ठिकाणं. २८ सप्टेंबरला कुक यांनी आपल्या सहीने जाहीर माफी मागितली, आणि त्या पत्रात चक्क सुचवलं की आमचे नकाशे सुधारेपर्यंत बिंग, मॅपक्वेस्ट, वेझ वापरा, किंवा गूगल आणि नोकियाच्या वेबसाइटवर जा. प्रतिस्पर्ध्यांची नावं घेऊन! जॉब्स यांनी असं पत्र लिहिलं असतं असं मला वाटत नाही. महिनाभरात, २९ ऑक्टोबरला, आयफोनच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख स्कॉट फोर्स्टॉल जाणार असल्याचं जाहीर झालं. हे जॉब्स यांच्या खास विश्वासातले, स्वभावानेही त्यांच्याच जवळ जाणारे म्हणून ओळखले जात.

हे नुसतं शिक्षा म्हणून झालं असं समजू नका. ॲपलची रचना अशी की आयफोनचा वेगळा विभाग, मॅकचा वेगळा विभाग आणि ज्याचा त्याचा नफा-तोटा, असं तिथे नाही. हार्डवेअर एकीकडे, सॉफ्टवेअर दुसरीकडे, डिझाइन तिसरीकडे, आणि सगळ्या दोऱ्या एका माणसाच्या हातात. दोन प्रमुख भांडले तर निवाडा फक्त वर होतो. जॉब्स असेपर्यंत ते भांडण कंपनीच्या फायद्याचं होतं, कारण दोघांचं ऐकून ‘हे ठेवा, ते काढा’ म्हणणारा वर होता आणि त्याच्या आवडीनिवडीवर दोघांचाही भरवसा होता. ते गेल्यावर भांडण उरलं, निवाडा करणारा गेला. फोर्स्टॉल आणि आइव्ह यांचं जमत नाही हे तेव्हा उघड गुपित होतं. कुक यांनी जॉब्स यांच्यासारखा रोजचा निवाडा करण्याचा आव आणला नाही. त्यांनी मांडणीच बदलली. स्क्रीनवर काय कसं दिसावं हे आइव्ह यांच्याकडे, आयफोन आणि मॅक या दोन्हींचं सॉफ्टवेअर फेडरिगी यांच्याकडे, सिरी ही आवाजी मदतनीस आणि नकाशे क्यू यांच्याकडे. पत्रकात कारण दिलं होतं ते परस्परसहकार्य वाढवण्याचं.

माझ्या मते ॲपल त्या दिवशी कुक यांची झाली. पत्र आलं त्या दिवशी झाली नव्हती.

याची किंमतही मोजावी लागली. भांडखोर माणूस गेला की बैठका शांत होतात, आणि शांत बैठकीत वाईट कल्पना आरामात पुढे सरकते. २०१५ साली मॅकबुकमध्ये अतिपातळ कीबोर्ड आला. धुळीचा कण गेला की बटण अडकायचं. तक्रारींचा पाऊस पडला, २०१८ मध्ये मोफत दुरुस्ती जाहीर करावी लागली, आणि लॅपटॉपमधून तो पुरता जायला २०२० उजाडलं. २०१३ चा गोलाकार मॅक प्रो दिसायला देखणा, पण आत गरमी जाईना म्हणून पुढे वाढवता येईना. हे २०१७ साली कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांना बोलावून कबूल केलं. मोटारीचा प्रकल्प जवळजवळ दहा वर्षं चालवून २०२४ मध्ये गुंडाळला. सिरी २०११ साली मोठ्या स्पर्धकांच्या आधी आली, आणि २०२५ साली तिच्या नव्या रूपाची तारीख पुढे ढकलावी लागली. यातलं प्रत्येक प्रकरण जॉब्स असते तर टळलं असतं असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. त्यांच्याही खात्यावर फसलेल्या गोष्टी आहेत. पण चुकलेली गोष्ट सोडायला इतका वेळ लागला नसता, असं मला वाटतं.

दुसऱ्या पारड्यात टाकायचंही भरपूर आहे. घड्याळ, एअरपॉड्स, २०२० साली आलेली एम-१ चिप. त्या चिपचं श्रेय कोणाचं हा वादाचा विषय होऊ शकतो. चिप बनवणारी पी. ए. सेमी ही छोटी कंपनी २००८ साली जॉब्स यांच्या काळात घेतली होती, पण इंटेलच्या चिप सोडायची हिंमत कुक यांच्या काळात झाली. २०११ साली १०८ अब्ज डॉलरची विक्री २०२४ मध्ये ३९१ अब्जांवर होती. हे काही वारशावर नुसतं बसून होत नाही.

आता माझी आवडती खूण सांगतो. नवा माणूस जुन्याचे शब्द मोडतो का, ते बघायचं. सात इंची टॅबलेटची जॉब्स यांनी २०१० साली जाहीर टर उडवली होती. २०१२ मध्ये आयपॅड मिनी आला. मोठे फोन कोण घेणार, असं ते म्हणाले होते; २०१४ चा आयफोन ६ मोठा होता आणि तुफान चालला. २००७ साली आयफोन दाखवताना त्यांनी स्टायलसची, म्हणजे स्क्रीनवर लिहायच्या पेनाची, खिल्ली उडवली होती. २०१५ मध्ये ॲपल पेन्सिल आली. लाभांश त्यांनी कधी दिला नाही, कुक यांनी २०१२ पासून सुरू केला. आणि गंमत अशी की मोडायची परवानगी खुद्द जॉब्स देऊन गेले होते. ‘मी असतो तर काय केलं असतं असं विचारत बसू नका, योग्य वाटेल ते करा’, असं त्यांनी बजावल्याचं कुक यांनी अनेकदा सांगितलंय. वॉल्ट डिस्ने गेल्यावर त्यांच्या कंपनीत लोक तोच एक प्रश्न विचारत बसले, हे जॉब्स यांच्या डोळ्यांसमोर होतं.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट थोडक्यात. जानेवारी २००० मध्ये बिल गेट्स यांनी सीईओपद स्टीव्ह बामर यांना दिलं, पण स्वतः २००६ पर्यंत ‘चीफ सॉफ्टवेअर आर्किटेक्ट’ राहिले आणि २००८ पर्यंत पूर्णवेळ तिथेच होते. बामर यांच्या काळात विक्री तिपटीहून जास्त झाली, शेअर मात्र ते आले तेव्हापेक्षा खालीच राहिला, आणि २०१३ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली त्या दिवशी तो उसळला. बिचाऱ्या बामरांवर थोडा अन्याय होतो खरा; ते आले तेव्हा डॉटकॉमचा फुगा ऐन भरात होता, तिथून खालीच यायचं होतं. अझूर ही क्लाउड सेवा आणि ऑफिस ३६५ ही रोपंही त्यांच्याच काळातली. पण मोबाइल हुकला, कारण प्रत्येक गोष्ट विंडोजला सोयीची आहे का या एकाच मापाने मोजली जात होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नाडेला आले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी आयपॅडवरचं ऑफिस जाहीर केलं. काम आधीपासून चालू होतं, पण व्यासपीठावर उभं राहून ते दाखवायला संस्थापकाच्या सावलीबाहेरचा माणूस लागला. पुष्कळ कंपन्यांत हे तिसऱ्या माणसालाच जमतं. दुसरा बराचसा काळ सावलीशी झुंजण्यातच घालवतो.

आणि आपल्या घरचं उदाहरण, इन्फोसिस. १९८१ साली पुण्यातच सुरू झालेली, पुढे बंगळूरला गेलेली. तिथे बरीच वर्षं संस्थापकांनीच आळीपाळीने खुर्ची सांभाळली. नारायण मूर्ती २०१३ साली कार्यकारी अध्यक्ष म्हणून परतले, २०१४ मध्ये विशाल सिक्का हे पहिले बाहेरचे सीईओ आले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये संस्थापकांशी जाहीर वाद होऊन गेले. बोर्डाने पत्रक काढून मूर्तींना जबाबदार धरलं, मूर्तींनी आरोप फेटाळले. त्या एका दिवसात शेअर जवळजवळ दहा टक्के पडला आणि नंदन नीलेकणी यांना अध्यक्ष म्हणून परत बोलवावं लागलं. कोण बरोबर या वादात मी पडत नाही. मला त्यातून दिसतं ते एवढंच की किल्ल्या सुनेच्या कमरेला आणि डाळ किती भिजत घालायची ते सासू ठरवणार, अशा घरात स्वयंपाकाला उशीर होतो. संस्थापकांचे शेअर तेव्हा तेरा टक्क्यांच्या आसपास होते, बहुमताच्या जवळपासही नाहीत. शब्दाला वजन यायला शेअर लागतातच असं नाही.

इथवरचं दोन ओळींत: आकडे उशिरा बोलतात, सराव केलेला वारस लागतो, भांडणांचा निवाडा कोण करणार हे ठरलेलं लागतं, आणि गेलेला माणूस खरंच गेलेला लागतो. आता तुमच्या दोनशे माणसांकडे येऊ.

मी कुठल्याही कंपनीत गेलो की ऑर्ग चार्ट बाजूला ठेवतो आणि मागच्या सहा महिन्यांतले निर्णय मागतो. मोठी सवलत कोणी मंजूर केली, रिलीजची तारीख कोणी पुढे ढकलली, कोणतं फीचर कोणी काढून टाकलं, मुलाखतीत सगळ्यांना आवडलेल्या उमेदवाराला कोणी नको म्हटलं. मेल, व्हॉट्सॲप, कामं नोंदवायच्या जिरामधल्या कॉमेंट्स, सगळं उकरायचं आणि प्रत्येक निर्णयापुढे नाव लिहायचं. बहुतेक ठिकाणी एकच नाव इतक्या वेळा येतं की लिहायचा कंटाळा येतो. त्या यादीतलं कोणतं काम कोणाकडे जाणार, हे संस्थापकाच्या निरोपसमारंभाआधी नावानिशी ठरलेलं असावं. ‘लीडरशिप टीम मिळून ठरवेल’ हे उत्तर मी धरत नाही.

एका कंपनीच्या रिलीज शीटमध्ये शेवटचा रकाना होता: ‘सरांना दाखवलं?’ सर म्हणजे तिथले संस्थापक. सर गेले, रकाना राहिला. टेस्टिंगमधली मुलगी दर रिलीजला तिथे ‘हो’ टाकायची, कारण तो भरल्याशिवाय शीट पुढे सरकत नसे. सर त्या रकान्यात करायचे काय? पाच मिनिटं स्क्रीन चाळायचे आणि बहुतेक वेळा एखादी गोष्ट काढून टाकायला लावायचे. ते गेल्यावर घालणारे सगळे होते, काढणारं कोणी नव्हतं. वर्षभरात सेटिंग्जच्या पानावर इतके पर्याय झाले की ग्राहकांना शिकवायला वेगळी माणसं ठेवावी लागली. बोर्डाच्या प्रेझेंटेशनमध्ये ते ‘ट्रेनिंगचं उत्पन्न वाढलं’ म्हणून हिरव्या रंगात दिसत होतं.

तुम्ही आतले आहात, तेव्हा हे तुम्हाला माझ्याआधी दिसेल. तिमाही संपत आली की सेल्स एखाद्या मोठ्या ग्राहकाला प्रॉडक्टमध्ये नसलेली गोष्ट कबूल करून येईलच. त्यावर बाई काय करतात ते बघा. आठवडा-पंधरवड्यात हो किंवा नाही, आणि का, एवढं स्पष्ट आलं तर उत्तम. निर्णय तुम्हाला पटला नाही तरी उत्तम. ‘दोन्ही करू’ आलं तर रोडमॅप (पुढच्या कामांचा आराखडा) फुगायला सुरुवात झाली. आणि कोणीतरी गुपचूप जुन्या सरांना, म्हणजे तुमच्या संस्थापकांना, फोन लावला, आणि सरांनी तो उचलून उत्तरही दिलं, तर पदाचा बदल अजून व्हायचाच आहे असं समजा. राजीनाम्यांचंही तसंच. किती गेले हे मोजू नका, कोण गेले ते बघा. सरांच्या तोंडावर ‘हे चुकतंय’ म्हणणारे जे तीन-चार जण असतील ते सहा महिन्यांनी जागेवर असतील तर तुमच्याकडे भांडवल शिल्लक आहे. सरांच्या मागेपुढे करणारे गेले तर वाईट वाटून घेऊ नका.

पुढच्या टाउनहॉलमध्ये हात वर करून एकच प्रश्न विचारा: सरांनी नाकारलेली कोणती गोष्ट तुम्ही करणार आहात, आणि त्यांनी सुरू केलेली कोणती बंद करणार आहात? उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल. वर्षभरातही आलं नाही तर मात्र बाई खुर्ची राखून आहेत, चालवत नाहीत.

थांबायचं की निघायचं याबद्दल माझा कल थांबण्याकडे आहे, निदान पुढची दिवाळी होईपर्यंत. अशा काळात ज्याला निर्णय घेता येतो त्याला एरवी पाच वर्षांत मिळणार नाही ती जागा मिळून जाते. अपवाद दोन. तुमचं वजन केवळ सरांच्या मर्जीमुळे असेल, म्हणजे तुमचं प्रोजेक्ट त्यांचं लाडकं आणि बाकी कोणाला नकोसं, तर आत्तापासून बाहेर बोलायला लागा. आणि सर जाण्याचं खरं कारण पैशांची चणचण आहे असा वास आला तर या सगळ्या चर्चेला अर्थ नाही. पगार वेळेवर होताहेत का आणि पीएफ भरला जातोय का, तेवढं तपासा.

इसॉपचं वेगळं बघा. ग्रँट लेटर आणि स्कीमचा मूळ कागद काढा. नोकरी सोडल्यावर व्हेस्ट झालेले, म्हणजे हक्काचे झालेले, ऑप्शन वापरून शेअर घ्यायला किती दिवस मिळतात ते त्यात लिहिलेलं असतं. पुष्कळ ठिकाणी ती मुदत फार थोडी असते, आणि व्हेस्ट न झालेले तर बहुधा तसेच जातात. कंपनी शेअर बाजारात नसेल तर आणखी एक मेख आहे. ऑप्शन वापरलेत की त्या दिवशीची वाजवी किंमत आणि तुम्ही भरलेली किंमत यांतल्या फरकावर पगारासारखा कर लागतो, शेअर विकायला गिऱ्हाईक असो वा नसो. काही मान्यताप्राप्त स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलायची सवलत आहे. तुमची कंपनी त्यात बसते का हे एचआरकडून लेखी घ्या. सीईओ बदलताना कधीकधी गुंतवणुकीची नवी फेरी उभी राहते आणि जुन्या कर्मचाऱ्यांकडून शेअर परत घेतले जातात. तसं काही घाटत असेल तर राजीनाम्याची तारीख त्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर तुमचा बराच पैसा ठरेल. आणि हे विचारायचं ते फायनान्सवाल्यांना, सरांना नव्हे.